पाचवं खाद्य आणण्याआधी

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे माझं उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुमची लॅब्राडोर मादी ४ वर्षांची आहे, तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. गेले अडीच महिने तिची शी घट्ट होत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा बाहेर न्यावं लागतं, दर वेळी थोडीशीच होते, ती कुंथत बसते, शेवटी आव पडते आणि दोनदा लाल रक्ताची रेघही दिसली. भूक उत्तम, खेळणं नेहमीसारखं, वजन उलट २८ किलोंवरून ३० वर गेलंय. या काळात चार खाद्यं बदलून झाली, त्यात एक धान्यविरहितही होतं. दही देऊन झालं. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असताना बरं, बंद केल्या की पंधरवड्यात पुन्हा तेच. आता तुम्ही विचारताय की नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी सगळ्यात चांगलं खाद्य कोणतं. आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, की रात्री तिने घरात घाण केली की तुम्ही तिच्यावर ओरडता आणि मग तुम्हालाच झोप लागत नाही. त्यावरही लिहिणार आहे, पण शेवटी.

मी २२ वर्षं पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते. पोटाच्या तक्रारीचं कुत्रं आलं नाही असा दिवस क्वचितच जातो. त्या अनुभवावरून सांगते, की तुमचा प्रश्न खाद्याच्या नावाचा नाहीच. अडीच महिन्यांत चार खाद्यं, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम अडीच-तीन आठवडे मिळाले. त्यातला काही काळ अदलाबदलीत गेला, काही काळ गोळ्या चालू होत्या, वर दही होतंच. यातलं एकही खाद्य खऱ्या अर्थाने तपासलं गेलेलं नाही. कदाचित दुसरं खाद्य तिला अगदी मानवलं असतं. पण ते कळायला वावच नव्हता. तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. डोळ्यांसमोर जनावर कुंथत असतं तेव्हा माणूस हातपाय हलवतोच. पण पाचवं खाद्य आणण्याआधी जरा थांबा.

सुरुवात शीपासून करू. कुत्र्याचं पोट बिघडलं की मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की गडबड लहान आतड्यात आहे की मोठ्या. लहान आतड्याचे जुलाब असले तर शी ढीगभर होते, पण दिवसातून दोन-तीनदाच. कुंथणं नसतं, वजन उतरतं, आणि रक्त असलंच तर ते पचून डांबरासारखं काळं दिसतं. मोठ्या आतड्याचे असले तर नेमकं तुम्ही लिहिलंय तसं: थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, घाईची, कुंथून, आव आणि ताज्या लाल रक्ताची रेघ. वजन सहसा टिकून राहतं, कारण अन्नरस शोषण्याचं काम लहान आतड्याचं आणि ते आपलं काम करत असतं. तुमच्या लॅबचं वजन वाढलंय, ही इथे दिलासा देणारी खूण आहे. तिच्या अंगी अन्न लागतंय.

मोठं आतडं म्हटलं की खाद्याचा विचार करण्याआधी मला जंत आणि जिआर्डिया (आतड्यात राहणारा एक एकपेशीय परजीवी) डोक्यातून काढून टाकायचे असतात. चाबकासारखा दिसणारा एक जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ठाण मांडतो आणि हुबेहूब हीच लक्षणं देतो. त्याची अंडी रोज पडत नाहीत. शिवाय कुत्र्याच्या पोटात जंत शिरल्यापासून अंडी दिसायला लागेपर्यंत जवळजवळ तीन महिने जातात. म्हणून ‘एकदा शी तपासली, काही निघालं नाही’ यावर मी विसंबत नाही. एक दिवसाआड अशी तीन दिवसांची शी तपासायला द्या आणि जिआर्डियाची अँटिजेन चाचणी मागून घ्या. तपासणीत काही निघालं नाही तरी फेनबेन्डाझोल या जंतनाशकाचा सलग काही दिवसांचा कोर्स द्यावा या मताची मी आहे. डोस तिच्या वजनावरून डॉक्टर ठरवतील. नेहमीच्या जंताच्या गोळ्यांपैकी काही या जंतावर चालतच नाहीत, त्यामुळे ‘जंताचं औषध दिलंय’ एवढं पुरत नाही. कोणतं दिलं ते विचारा.

आता गोळ्या. इथे मला मोकळेपणाने कबुली द्यायची आहे, की प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही जुलाबाच्या बहुतेक प्रत्येक कुत्र्याला मेट्रोनिडाझोल दिलं. दोन दिवसांत शी सुधारायची, मालक खूश, मी खूश. अचानक लागलेले साधे जुलाब असेही काही दिवसांत आपोआप थांबतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण टेबलासमोर उभ्या असलेल्या काळजीतल्या माणसाला ‘वाट पाहा’ म्हणायचं धाडस नव्हतं. मग तीच कुत्री महिन्याने परत येऊ लागली आणि त्यामागचं कारण मला नंतर नीट समजलं. यकृतातून आतड्यात येणाऱ्या पित्ताम्लांचं रूप बदलण्याचं काम आतड्यातले काही मोजके जिवाणू करतात. बदललेल्या रूपातली ही पित्ताम्लं उपद्रवी जिवाणूंना वाढू देत नाहीत. मेट्रोनिडाझोल नेमके हे उपयोगी जिवाणू मारतं आणि कोर्स संपल्यावर ती घडी बसायला कित्येक आठवडे लागतात. काही कुत्र्यांत त्याहून जास्त. तुमच्या लॅबवर हे अडीच महिन्यांत तीनदा झालंय. आज कुत्र्यांच्या अचानक लागलेल्या सौम्य आणि मध्यम जुलाबांत अँटिबायोटिक देऊ नये अशीच शिफारस आहे, आणि जुनाट जुलाबांतही ते अगदी मागे, खाद्याचे प्रयोग करून झाल्यावर येतं.

याला अपवाद आहेत. तरुण बॉक्सर आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंमुळे एक आजार होतो. तिथे आतड्याचा तुकडा तपासून, जिवाणूंवर कोणतं औषध चालतं ते पाहून, अँटिबायोटिक द्यावंच लागतं आणि त्यानेच कुत्रं बरं होतं. तुमची लॅब आहे, त्यामुळे ही शक्यता मी बरीच खाली ठेवते. पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे बॉक्सर असेल तर त्याने खाद्यं बदलत महिने घालवू नयेत, म्हणून लिहिलं.

वजनाबद्दल. तुम्ही दिवसाला साधारण ५०० ग्रॅम कोरडं खाद्य देता आणि ट्रीट वेगळ्या. हिशोब करून पाहा. कुत्र्याची विश्रांतीतली ऊर्जेची गरज काढायचं सूत्र म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. तिचं योग्य वजन २८ किलो धरलं तर उत्तर ८५० किलोकॅलरीच्या आसपास येतं. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणतात, म्हणजे दिवसाला सुमारे १३५० किलोकॅलरी. बऱ्याच कोरड्या खाद्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे ५०० ग्रॅमचे १७५० ते २०००. हे सूत्र म्हणजे सुरुवातीचा अंदाज आहे. सारख्या वजनाच्या दोन कुत्र्यांच्या गरजेत बराच फरक असू शकतो, आणि दिवसभर धावणारी लॅब याहून जास्त खाऊनही सडपातळ राहील. पण अडीच महिन्यांत दोन किलो वाढले, याचा अर्थ तुमच्याकडे खाणं जास्त होतंय. आणि नुसत्या जास्त खाण्यानेही शी मऊ होते. लहान आतड्याला जेवढं पचवता येतं त्यापलीकडचं सगळं मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबतं, पाणी ओढून घेतं. मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये तर ‘जुनाट जुलाब’ म्हणून आलेली कित्येक प्रकरणं मी फक्त वाटी लहान करून सोडवली आहेत.

त्यात दर वेळी खाद्य बदललंत पण मापाचं भांडं तेच ठेवलंत. प्रत्येक खाद्याची घनता वेगळी, ऊर्जा वेगळी. भांड्याने न मोजता वजनकाट्यावर मोजा. ती भुकेल्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघेल हे मला माहीत आहे. लॅब्राडोरच्या बाबतीत त्याला शारीरिक कारणही आहे: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्याला खरंच भूक लागल्यासारखं वाटत असतं, म्हणून त्याच्यावर चिडू नये, पण त्याचं ऐकूही नये. लॅब्राडोरांवरच्याच एका आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात २४ जोड्यांतल्या प्रत्येक जोडीत एकाला दुसऱ्याच्या तुलनेत २५ टक्के कमी खायला दिलं होतं. २००२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षं जास्त जगली होती. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं फार मोठी असतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. जंताचा कोर्स झाला, शीचे अहवाल आले, त्यात काही निघालं नाही असं धरू. सध्या चालू असलेलं चौथं खाद्य तसंच ठेवा. माप ३५० ते ३६० ग्रॅमवर आणा, तेही एकदम न करता चार-पाच दिवसांत, आणि दिवसाचे तीन भाग करा. त्यात साधा इसबगोल मिसळा: न गोड, न वासाचा. स्वाद घातलेल्या पाकिटांत गोडी येण्यासाठी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. सुरुवातीला दिवसभरात चहाचा एक चमचा, पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवून. तीन-चार दिवसांनी दोन जेवणांत एक-एक. तिच्या आकाराच्या कुत्र्याला गरज पडली तर याहून जास्तही चालतं, पण हळूहळू वाढवावं, नाहीतर पोटात गॅस धरतो. इसबगोल पाणी धरून ठेवतो म्हणून शी बांधली जाते, आणि त्याचा जो थोडा भाग आंबतो त्यातून मोठ्या आतड्याच्या पेशींना लागणारं पोषण तयार होतं. मोठ्या आतड्याच्या त्रासात अनेक कुत्र्यांचं एवढ्यावरच भागतं. याला दोन आठवडे द्या. काही डॉक्टर ही पायरी सोडून थेट पुढच्या पायरीवर जातात. त्यातही चूक नाही. माझा कल आधी साधं, स्वस्त आणि निरुपद्रवी करून पाहण्याकडे असतो.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मग खाद्यबदल, पण एकच आणि शिस्तीत. हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाद्य, म्हणजे ज्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखत नाही. किंवा तिने आयुष्यात कधीच न खाल्लेल्या प्राण्याच्या मांसाचं खाद्य. सात ते दहा दिवसांत जुन्यात मिसळत न्या: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. पूर्ण झाल्यावर दोन आठवडे थांबा. त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी हाच प्रयोग आठ आठवडे करावा लागतो, पण आतडं लवकर उत्तर देतं. जुनाट जुलाबांच्या कुत्र्यांमध्ये नुसत्या खाद्यबदलाने बरी होणारी सगळ्यात जास्त असतात, म्हणून मी आशेनेच हे सांगतेय.

या काळात त्या खाद्याशिवाय तिच्या तोंडात काहीही जाता कामा नये, आणि बहुतेक प्रयोग फसतात ते इथेच. माझ्याकडे एक बीगल यायचा. तीन आठवडे हायड्रोलाइज्ड खाद्य, काडीचा फरक नाही. मी एन्डोस्कोपीचं बोलायला लागले होते. मालकीणबाई अतिशय काटेकोर. घरात कोणी त्याला बिस्किटाचा तुकडासुद्धा देत नव्हतं. निघता निघता त्यांनी त्याच्या हिरड्यांचं विचारलं आणि म्हणाल्या, रोज रात्री न चुकता दात घासते. पेस्ट कोणती? चिकनच्या चवीची. ती बंद केली आणि दहाव्या दिवशी त्यांनी घट्ट शीचा फोटो पाठवला. तेव्हापासून मी यादी करून विचारते: चवीच्या जंताच्या आणि गोचिडांच्या गोळ्या, चघळायच्या काड्या, मांजराची ताटली, लहान मुलांच्या हातून सांडणारं, गोळी लपवून द्यायला वापरलेलं चीज, शेजाऱ्यांचं प्रेम. तुम्हीही घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून ही यादी करा.

रोज वहीत तारीख, किती वेळा, आणि घट्टपणाचा १ ते ७ मधला आकडा लिहा. १ म्हणजे सुकी खड्यासारखी, २ म्हणजे उचलता येईल आणि जमिनीवर डाग राहणार नाही अशी, ७ म्हणजे पाणी. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात ५ होता, आता ३’ यावरून तुमच्या डॉक्टरांना खूप काही ठरवता येईल.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. धान्य सहसा गुन्हेगार नसतं. कुत्र्यांच्या अन्न-अ‍ॅलर्जीत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन वरच्या क्रमांकावर आहेत, गहू त्यांच्यामागे. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे; माणसाच्या सहवासात पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या त्याच्याकडे अनेक प्रती झाल्या, लांडग्याकडे दोनच असतात. दह्याने अपाय क्वचितच होतो, पण त्यातले जिवाणू कुत्र्यासाठी अभ्यासलेल्या प्रोबायोटिकची जागा घेत नाहीत, आणि दुग्धजन्य प्रथिनंच तिला नडत असतील तर दही उलट काम करेल. सध्या बंद ठेवा. उकडलेलं बिनचरबीचं चिकन आणि भात हे अचानक लागलेल्या दोन-चार दिवसांच्या जुलाबांत ठीक आहे, महिनोन्‌महिने नाही. नुसत्या मांसात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम अगदीच कमी असतं. घरच्या जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या तेव्हा ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडला होता. घरचंच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण पशुपोषण शिकलेल्या डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहून घेऊन.

पोट बिघडलं की उपाशी ठेवायचं, हा सल्ला मीही पूर्वी द्यायचे. आता देत नाही. आतड्याच्या पेशींना त्यांचं पोषण बऱ्याच अंशी आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. पार्व्होसारख्या भयंकर विषाणूजन्य आजारातही लवकर अन्न सुरू केलेली पिल्लं लवकर सावरली, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. सतत उलट्या होत नसतील तर थोडं थोडं खाऊ द्या.

हे दोन्ही टप्पे करूनही शी सुधारली नाही, तर पुढच्या तपासण्या मागून घ्या: रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, बी १२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, स्वादुपिंडासाठी टीएलआय ही रक्तचाचणी, आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक. शेवटची चाचणी बऱ्याचदा राहून जाते. अ‍ॅडिसन्स हा अधिवृक्क ग्रंथींचा आजार महिनोन्‌महिने ‘येऊन-जाऊन बिघडणारं पोट’ एवढ्याच रूपात राहू शकतो. मग सोनोग्राफी, आणि शेवटी आतड्याचा तुकडा.

मात्र पुढीलपैकी काही दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा: रक्ताळलेले जुलाब भरपूर प्रमाणात, काळी डांबरासारखी शी, पुन्हा पुन्हा उलट्या, मलूल पडून राहणं, पोट फुगून ओकाऱ्या येणं पण बाहेर काहीच न पडणं. शेवटच्या लक्षणाला तर तासाभराचीही वाट पाहू नका. मोठ्या छातीच्या कुत्र्यात पोटाला पीळ पडलेला असू शकतो. माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. त्यांतलं लोपेरामाइड हे औषध कोली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या थेट मेंदूत पोचतं.

आता रात्रीचं. मोठं आतडं सुजलेलं असतं तेव्हा जराशी शी आली तरी कळ येते आणि ती धरून ठेवणं जमत नाही. ती दाराशी जाऊन उभी राहत असेल, तुम्हाला उठवायचा प्रयत्न करत असेल, आणि त्याआधीच होत असेल. ओरडल्याने ती पुढच्या वेळी धरून ठेवणार नाही. लपून कोपऱ्यात करेल आणि तुम्हाला आव पडली का, रक्त आहे का, हे कळायचंही बंद होईल. तिसरं जेवण झोपायच्या निदान चार तास आधी द्या, झोपण्यापूर्वी एक सावकाश फेरी मारा. पहिले दोन आठवडे रात्री एकदा स्वतः गजर लावून उठा, तिच्या हाकेची वाट पाहू नका. ज्या खोलीत ती झोपते तिथला गालिचा काढून धुता येईल असं जाड कापड अंथरा. तिने बाहेर शी केली की लगेच तिच्या रोजच्या मापातलेच दोन दाणे बक्षीस म्हणून द्या. बाकी काही नको. दोन आठवड्यांनी वहीतले आकडे मला कळवा, आणि शीच्या तपासणीत काय निघालं तेही.